हातचा किती?

बेरीज हे माणसाने शोधून काढलेले विसरण्याचे पहिले शास्त्र होय, असे मी म्हटले तर वाचकांना ते विचित्र वाटेल. पण एखादा जुना दिवाणजी खतावणीतील शंभर रकमांची उभी बेरीज कशी करतो ते पाहा. एककाच्या घरातून त्याची नजर खाली उतरू लागते. सात आणि आठ पंधरा, पंधरा आणि सहा एकवीस, एकवीस आणि नऊ तीस. ‘तीस’ म्हणताना त्याला मागचे सात आठवत नाहीत आणि आठही आठवत नाहीत. ती आठवण्याचे त्याला कारणही नाही. शंभर अंकांचा रस्ता तो एकच संख्या बरोबर घेऊन चालतो. तळाशी पोहोचला की एक अंक मांडतो, उरलेला ‘हातचा’ म्हणून दशकाच्या घरात नेतो आणि तेथून पुन्हा तोच प्रवास. रकमा शंभर असोत की एक लाख, दिवाणजीच्या डोक्यावरचा भार वाढत नाही. वेळ तेवढा वाढतो.

आपल्या भाषेने या गोष्टीला ‘हातचा’ असे सुरेख नाव दिले आहे. वहीतले वहीत राहिले, पाटीवरचे पाटीवर राहिले, आणि पुढच्या घरात शिरताना जे बरोबर असलेच पाहिजे तेवढे हातात राहिले. वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला शिक्षक विचारतात, ‘हातचा किती?’ या दोन शब्दांच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत माणसाने जी प्रचंड मोजदाद यंत्रांकडून करून घेतली, तिच्या प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे. माझे स्वतःचे गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. मी कादंबऱ्या लिहिणारा आणि शाळेत शिकवणारा मनुष्य. परंतु काय लक्षात ठेवावे आणि काय सोडून द्यावे हा प्रश्न कादंबरीकारालाही रोजच पडतो. म्हणून या इतिहासाकडे मी ओढला गेलो.

या इतिहासाचा आरंभ मी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेपासून करीन. त्यापूर्वीच्या, म्हणजे १८८० च्या, जनगणनेचे कोष्टकीकरण पुरे व्हायला सात वर्षांहून अधिक काळ लागला होता. लोकसंख्या तर झपाट्याने वाढत होती. याच चालीने गेले तर एका गणनेचा हिशेब संपण्याआधी दुसरी गणना दारात उभी राहणार, हे उघड दिसत होते. हर्मन हॉलेरिथ या तरुण अभियंत्याने त्यावर तोड काढली. प्रत्येक माणसामागे एक पुठ्ठ्याचे कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय, जे काय असेल ते त्या कार्डावर ठरलेल्या जागी छिद्र पाडून नोंदवायचे. मग ते कार्ड यंत्रात ठेवून वरून टाचण्यांची चौकट दाबायची. जेथे छिद्र असेल तेथून टाचणी खाली जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचे मंडल पूर्ण होई, आणि समोरच्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. घंटी वाजे. कारकून कार्ड काढून घेई आणि दुसरे ठेवी. अशा चाळीस तबकड्या एका यंत्रावर, आणि एकेक तबकडी ९,९९९ पर्यंत मोजणारी.

यंत्राला त्या माणसाची आठवण किती? शून्य. कार्ड उचलले की माणूस गेला. मागे राहिले फक्त काट्यांचे स्थान. सहा कोटींवर माणसे त्या टाचण्यांखालून गेली, पण कोणत्याही क्षणी यंत्राच्या ‘हातात’ चाळीस आकड्यांपलीकडे काही नव्हते. लोकसंख्येचा ढोबळ आकडा काही महिन्यांतच जाहीर झाला आणि जगभर या यंत्राचा बोलबाला झाला. या जनगणनेची दुसरीही एक कथा आहे आणि ती इतकी सुखाची नाही. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

हॉलेरिथने जे लोखंड आणि पारा यांनी केले, त्यामागचे तत्त्व शब्दांत मांडायला आणखी तीस वर्षे लागली. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे शेतीचे जुने प्रयोगकेंद्र आहे. तेथे १९१९ साली रोनल्ड फिशर हा गणिती दाखल झाला. अनेक वर्षांच्या पिकांच्या व पावसाच्या नोंदींचे ढीग समोर, आणि मदतीला हाताने फिरवायचे एक गणनयंत्र, असा तो संसार. १९२२ साली फिशरने संख्याशास्त्राच्या पायाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक प्रश्न असा होता: निरीक्षणांचा मोठा ढीग आटवून त्याचे दोन-चार आकडे केले, तर मूळ ढिगातली माहिती किती सांडते? फिशरचे उत्तर असे की, काही बाबतींत मुळीच सांडत नाही. निरीक्षणे अमुक एका नियमाने वागतात असे आपण धरून चाललो असू, तर त्या नियमाबद्दल ढीग जे सांगू शकतो ते सारेच्या सारे काही थोड्या आकड्यांत उतरते. या गुणाला ‘पर्याप्तता’ असे नाव आहे. दूध आटवून खवा करावा आणि दुधाचा कस मात्र सगळा खव्यात यावा, तसा हा प्रकार. ‘आपण धरलेला नियम खरा असेल तर’ ही त्यातली अट मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचेही काम पुढे आहे.

आता खरी यंत्रे आली. फिलाडेल्फियात तयार झालेला एनिॲक हा विजेवर चालणारा अवाढव्य संगणक १९४६ च्या फेब्रुवारीत जगासमोर आला. त्याने एक मोठे दालन व्यापले होते. पण त्याची चालती स्मृती ऐकाल तर हसू येईल. दहा-दहा अंकी वीस संख्या! शाळेच्या पाटीवर सहज मावतील एवढ्या. आणि या पाटीवर १९४८ च्या वसंतात जे गणित घातले गेले ते अणुबाँबचे होते. स्फोटक द्रव्यात न्यूट्रॉन कसे धावतात, कोठे आदळतात, कोणते नवे जन्माला घालतात, याचे सूत्र मांडून उत्तर काढणे अशक्यप्राय होते. तेव्हा उलाम, फॉन नॉयमन, मेट्रोपोलिस या मंडळींनी ठरवले की एकेक न्यूट्रॉन घ्यावा आणि जणू फासे टाकून त्याचे आयुष्य चालवून पाहावे. अशी हजारो आयुष्ये पाहिली की सरासरीने सत्य कळेल. जुगाराच्या प्रसिद्ध गावावरून या रीतीला ‘माँटे कार्लो’ हे नाव पडले.

वीस संख्यांच्या स्मृतीत हजारो न्यूट्रॉन कसे राहणार? क्लारा फॉन नॉयमन यांचा या कामाची आज्ञावली लिहिण्यात मोठा वाटा होता. एक कार्ड आत जाई. त्यावर एका न्यूट्रॉनचे स्थान, वेग, दिशा वगैरे. यंत्र त्याच्या आयुष्यातली पुढची घटना ठरवी आणि नवी स्थिती दुसऱ्या कार्डावर छिद्रांनी लिहून बाहेर टाकी. पाटी पुसली, पुढचे कार्ड आत. बाहेर पडलेल्या कार्डांचा गठ्ठा पुढच्या फेरीला पुन्हा आत. यंत्राच्या हातात एका वेळी एक न्यूट्रॉन, आणि बाकी सारे जग कपाटात.

फाशांची व्यवस्था तर याहून गमतीची. यदृच्छ आकड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे कार्डांवर लिहून यंत्राला पुरवणे म्हणजे त्याचा वेळ कार्डे वाचण्यातच घालवणे. फॉन नॉयमन यांनी युक्ती काढली. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, आणि वर्गाचे मधले अंक उचला. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. असे हवे तितके. रीत फारशी भरवशाची नव्हती. कधी कधी ती शून्यातच जाऊन बसते. पण तिच्यातली कल्पना अमोल होती: हजारो आकडे साठवण्याऐवजी पहिला एक आकडा साठवा, बाकीचे त्यातून पुन्हा उगवतील. या पहिल्या आकड्याला आज संगणकाच्या भाषेत ‘बी’ म्हणतात. कणगीभर धान्य राखण्यापेक्षा मूठभर बियाणे राखणारा शेतकरी या कल्पनेवर हसणार नाही.

यानंतर हातचा राखण्याची एक फार नाजूक रीत सापडली, आणि तिचे गणित पाचवीच्या मुलालाही समजेल. वर्गाच्या गुणांची सरासरी काढायची तर बेरीज आणि मुलांची संख्या एवढे दोन आकडे हातात पुरतात. पण गुण सरासरीच्या भोवती किती पांगले आहेत हेही पाहायचे असते. त्यासाठी प्रत्येक गुणातून सरासरी वजा करून वर्ग करायचे आणि ते मिळवायचे. अडचण अशी की सरासरी सर्व गुण पाहिल्यावर कळते. म्हणजे यादी दोनदा वाचावी लागणार आणि तोवर जवळ बाळगावी लागणार. सुटकेचा एक जुना मार्ग होता: गुणांची बेरीज ठेवा, गुणांच्या वर्गांची बेरीज ठेवा, आणि शेवटी वजाबाकी करा. कागदावर हे बिनचूक आहे. यंत्रात ते दगा देते. यंत्राची संख्या ठरावीक अंकांचीच असते. आजचा संगणकही सामान्यतः १५-१६ अंकांपर्यंतच नेमका असतो. १०,००,००,००१ सारख्या संख्येचा वर्ग सतरा अंकी. शेवटचे अंक तेथेच गळतात. अशा दोन अजस्र संख्यांची वजाबाकी केली की उरायचा तो छोटासा फरक नेमका त्या गळलेल्या अंकांत असतो. वर्गांची बेरीज ऋण आल्याचेही चमत्कार होतात.

१९६२ साली ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात बी. पी. वेल्फर्ड यांचे जेमतेम दोन पानांचे टिपण आले. त्यांची रीत अशी. पहिला गुण ४०. सरासरी ४०, पांगापांग शून्य. दुसरा गुण ५०. जुन्या सरासरीपासून अंतर १०, त्याचा दुसरा हिस्सा ५, म्हणून नवी सरासरी ४५. आता जुन्या सरासरीपासूनचे अंतर १० आणि नव्या सरासरीपासूनचे अंतर ५ यांचा गुणाकार ५०. तो पांगापांगीत मिळवा. तिसरा गुण ६०, जुन्या सरासरीपासून अंतर १५, त्याचा तिसरा हिस्सा ५, नवी सरासरी ५०, १५ गुणिले १० म्हणजे १५०, एकूण २००. आता नेहमीच्या रीतीने ताळा पाहा: ४०, ५०, ६० यांची सरासरी ५०; अंतरे १०, ०, १०; वर्गांची बेरीज २००. तंतोतंत! हातात केवळ तीन आकडे: किती झाले, सरासरी किती, पांगापांग किती. आलेला गुण हिशेबात घेतला की त्याला निरोप. डोनल्ड नूथ यांनी १९६९ च्या आपल्या प्रख्यात ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ही रीत नोंदवली, आणि लक्षावधी फेऱ्यांचे हिशेब आजही तिच्या आधाराने चालतात.

ही काटकसर त्या काळी सर्वांनाच करावी लागे, कारण स्मृती महाग होती. आपल्या देशात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या काळात, १९५५-५६ च्या सुमारास, पहिला संगणक आला. त्याची स्मृती फिरत्या चुंबकीय ढोलावर, १०२४ शब्दांची. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुणांनी तर आपल्या हातांनी संगणक बांधला. १९६० साली तो पूर्णपणे कामास लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. योगायोग असा की, पुढे जो छोटा संगणक माणसांना चंद्राकडे घेऊन गेला, त्या अपोलो यानातील संगणकाची पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृतीही २०४८ शब्दांचीच होती. शब्द मात्र याहून आखूड. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ च्या प्रवासात जिम लव्हेल हे अंतराळवीर तारे आणि पृथ्वी-चंद्राच्या कडा यांतले कोन मोजत होते. ते सारे कोन संगणकाने साठवले नाहीत. यान कोठे आहे व किती वेगाने चालले आहे याचा एक अंदाज आणि त्या अंदाजावर भरवसा किती याचे एक कोष्टक, एवढेच त्याच्या हातात. नवा कोन आला की अंदाज थोडा दुरुस्त होई आणि कोन विसरला जाई. रूडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि रिचर्ड बॅटिन यांनी यानासाठी बसवलेली ही रीत पाहिली की मला त्यात वेल्फर्डच दिसतात.

मग सुबत्तेचे दिवस आले. स्मृती स्वस्त झाली. पाटीच्या जागी पटांगण आले. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रासाठी ‘एस’ नावाची संगणकभाषा सुरू केली. तिच्या वळणावर, न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या सोयीसाठी एक भाषा रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर एकच, म्हणून भाषेचे नाव ‘आर’. १९९३ मध्ये ती बाहेर आली, १९९५ पासून कोणालाही विनामूल्य व मुक्त झाली, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.० आवृत्ती निघाली. आज जगभर संख्याशास्त्राचे विद्यार्थी ती वापरतात. माझा एक जुना विद्यार्थीही त्यांतलाच. त्याच्याकडून मला या भाषेतल्या लांब फेऱ्यांच्या, म्हणजे ‘लूप’च्या, कथा ऐकायला मिळाल्या, आणि ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की दिवाणजीचे जुने शहाणपण या मुलांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते आहे.

पहिली कथा यादी वाढवण्याची. फेऱ्यात एक उत्तर निघाले की ते यादीच्या शेवटी जोडायचे, हा नवशिक्याचा सरळ विचार. पण संगणकात यादी ही एकसलग जागा असते. नव्याला जागा करायची तर आधीच्या सगळ्यांना उचलून मोठ्या जागेत न्यावे लागते. पंगतीत एक पाहुणा वाढला म्हणून सारी पंगत उठवून दुसऱ्या सभामंडपात बसवावी, आणि हे प्रत्येक पाहुण्यामागे करावे, तसे हे चालते. दहा उत्तरांना ४५ वेळा उचलाउचल. कोणी लक्षही देणार नाही. पण एक लाख उत्तरांना ती उचलाउचल सुमारे ५०० कोटींवर जाते! लूप रेंगाळतो आणि त्याचा बहुतेक वेळ हमालीत जातो. उपाय सोपा आहे: पाने किती लागणार ते ठाऊक असेल तर सुरुवातीसच मांडून ठेवा, आणि प्रत्येक फेऱ्यात नेमून दिलेल्या पानावर वाढा. २०१७ च्या ३.४ आवृत्तीपासून ‘आर’ स्वतःच, ठरावीक पद्धतीने यादी वाढवल्यास, थोडी जागा आगाऊ राखू लागला आहे. तरी लग्नघरच्या यजमानाने पाहुण्यांचा अंदाज आधी घेणे केव्हाही बरे.

दुसरी कथा हव्यासाची. एक लाख वेळा नमुने घेऊन प्रत्येकातून एक समीकरण बसवायचे आहे, आणि त्यातून एकच गुणक हवा आहे. पण ‘आर’ समीकरण बसवतो तेव्हा त्याबरोबर मूळ माहितीची प्रत, उरलेली अंतरे, मधली कोष्टके असे मोठे गाठोडे बांधून देतो. एकदाच विश्लेषण करणाऱ्याची त्यात सोय असते. लूपमध्ये मात्र ते गाठोडे जसेच्या तसे साठवीत जाणे म्हणजे एक पेढा हवा म्हणून रोज हलवायाचे दुकान घरी आणण्यासारखे आहे. हिशेबच करा. एका संख्येला आठ बाइट लागतात. एक कोटी फेऱ्यांत प्रत्येकी एक संख्या राखली तर आठ कोटी बाइट. आजच्या साध्या संगणकालाही ते किरकोळ. प्रत्येकी हजार संख्या राखल्या तर ८० गिगाबाइट, आणि तेवढी चालती स्मृती घरगुती संगणकात सहसा नसते. यंत्र आधी मंदावते, मग रात्री कधी तरी गुपचूप मान टाकते, आणि सकाळी विद्यार्थ्याच्या हाती काहीच नसते.

तिसरी कथा केराची. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘लिस्प’ या भाषेच्या निबंधात अशी व्यवस्था सांगितली होती की, ज्या गोष्टीकडे आता कोणत्याही नावाने पोहोचता येत नाही ती जागा यंत्राने आपली आपण झाडून मोकळी करावी. ‘आर’मध्येही असा झाडूवाला आहे. पण तो शिस्तीचा आहे. ज्या वस्तूवर कोणाचे नाव आहे तिला तो हात लावीत नाही, मग ती वस्तू कितीही निरुपयोगी असो. लांब लूपमध्ये जुन्या गोष्टींची नावे तशीच ठेवली तर झाडूवाला दहा वेळा येऊन हात हलवीत परत जातो. म्हणून जाणते लोक फेऱ्यातले काम एका स्वतंत्र छोट्या खोलीत, म्हणजे फंक्शनमध्ये, करतात. खोलीचे दार लागले की आतली नावे पुसली जातात आणि बाहेर फक्त उत्तर येते.

या सगळ्यांवर कळस म्हणजे चौथी रीत, आणि ती थेट एनिॲकच्या काळाची आहे. दर हजार फेऱ्यांनी आलेली उत्तरे तबकडीवरच्या फायलीत लिहून टाकावी, हात रिकामा करावा, आणि फेऱ्याचा अनुक्रम व ‘बी’ही तेथेच नोंदवावे. वीज गेली तरी काम हजारांतच मागे पडते. शिवाय बी जवळ असल्याने पंचेचाळीस हजाराव्या फेऱ्यात काही विपरीत दिसले तर तोच फेरा जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. ‘आर’मधला नेहमीचा आकडे-जनक आपली स्थिती ६२४ संख्यांत बाळगतो; तेवढ्या जपल्या की पुढचे कोट्यवधी आकडे साठवायचे कारण उरत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की सारे शहाणपण विसरण्यातच आहे. तसे असते तर हा लेख मी लिहिला नसता.

१९७३ साली फ्रान्सिस ॲन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने चार छोटे तक्ते प्रसिद्ध केले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही तक्त्यांत पहिल्या आकड्यांची सरासरी ९, दुसऱ्यांची साडेसात. पांगापांग जवळजवळ तीच, आणि त्यांतून निघणारी सरळ रेषाही तीच. हातचा राखणाऱ्या यंत्राला हे चार तक्ते म्हणजे एकच तक्ता. पण ते आलेखावर मांडले की चार निराळी चित्रे उमटतात: एकात साधे विखुरलेले ठिपके, दुसऱ्यात सुबक कमान, तिसऱ्यात सरळ रांग आणि तिच्यातून फुटलेला एक ठिपका, चौथ्यात एकाच उभ्या ओळीतले दहा ठिपके आणि दूर एकटा पडलेला अकरावा. फिशरची अट आठवते ना? आपण धरलेला नियम खरा असेल तर आटवलेल्या आकड्यांत सारे येते. नियमच चुकीचा असेल तर ते चुकीचे आहे हे सांगणारा साक्षीदार आपण केव्हाच घालवलेला असतो.

आणि आता ती राहिलेली कथा. १८९० च्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र कागद होता. त्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, धंदा. आईला विचारलेले असे की तुला किती मुले झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत. हे कागद वॉशिंग्टनमध्ये व्यापार खात्याच्या इमारतीच्या तळघरात, सुरक्षित दालनाच्या बाहेर रचून ठेवले होते. १० जानेवारी १९२१ रोजी तेथे आग लागली. सुमारे एक चतुर्थांश कागद जळाले. उरलेल्यांपैकी पुष्कळ पाण्याने आणि धुराने खराब झाले. भिजलेल्या कागदांचे पुढे काय करावे याचा निर्णय बारा वर्षे लोंबकळला. २० फेब्रुवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली. आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या विधिमंडळाने, निरुपयोगी कागदपत्रे म्हणून, या उरलेल्या कागदांच्या नाशाला संमती दिली. आज त्या सहा कोटींवर माणसांपैकी जेमतेम सहा हजारांच्या नावांचे तुकडे शिल्लक आहेत. आपल्या पणजोबांचा माग काढणाऱ्या अमेरिकन माणसाला १८८० नंतर एकदम १९०० वर उडी घ्यावी लागते.

बेरजा मात्र सगळ्या शाबूत आहेत. हॉलेरिथच्या तबकड्यांनी चूक केली नाही; घंटी वाजवून कार्ड सोडून द्यायचे हेच त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले. चूक झाली ती दुसऱ्या ठिकाणी. बेरीज हाती आली, आता वहीचे काय काम, असे कोणाला तरी वाटले. हातच्याचे शास्त्र त्याला उमगले होते. पण दिवाणजी हातचा पुढे नेतो तेव्हा खतावणी फाडून टाकीत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही. खतावणी आहे म्हणून तर तो निर्धास्तपणे विसरू शकतो.

रात्रभर चालणारा लूप लिहिणाऱ्या आजच्या मुलांना मी एवढेच सांगेन. फेऱ्यात शिराल तेव्हा हात मोकळा ठेवा. तीन आकड्यांनी भागत असेल तर चौथा घेऊ नका. पण मूळ वही आणि तिचे बी दुसऱ्या कपाटात, आगीपासून दूर, जपून ठेवा. उद्या कोणी तरी असा प्रश्न घेऊन येईल की जो आज आपल्याला सुचलेलाच नाही, आणि त्याचे उत्तर आपल्या बेरजेत नसेल. १८९० साली आपल्याला झालेल्या आणि राहिलेल्या मुलांचा आकडा दारात उभ्या राहून सांगणाऱ्या त्या आया आज कोष्टकात फक्त एका मोठ्या संख्येचा भाग आहेत. त्यांतल्या एकीचे तरी नाव विचारायला कोणी गेला, तर सांगायला आता वही उरलेली नाही.